शुभेच्छा, श्रद्धांजली आणि जाड टाईप

जाड टाईप लोक कशासाठी मागतात हे छपाईच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. भावपूर्ण श्रद्धांजली. प्रथम पुण्यस्मरण. उद्घाटन सोहळा. वर्धापनदिन. ज्येष्ठ नागरिक संघ. आता हे शब्द नीट पाहा. च्छ, द्ध, ण्य, द्घ, ष्ठ. मराठीत जे शब्द रस्त्यापलीकडून दिसायला हवेत, नेमके तेच जोडाक्षरांनी भरलेले आहेत. क, म, त, ल अशी मोकळी अक्षरं जाड केली तर फारसं बिघडत नाही. खरी कसोटी लागते ती एकावर एक चढलेल्या व्यंजनांची. पनवेलमध्ये इतकी वर्षं छपाईचं काम करून जाड टाईपबद्दल मला ठामपणे काही सांगायचं असेल तर ते एवढंच, की तो जोडाक्षरापासून काढायला घ्यावा. इतर अक्षरं मागून येतील.

मी कामाला लागलो तेव्हा पनवेल नगरपालिकेचं गाव होतं. 1852 ची नगरपालिका, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. छापखान्यात ट्रेडल यंत्र होतं, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस होत्या आणि भिंतीला लागून मोठ्या अंगाच्या टाईपचं कपाट होतं. जाड टाईपला आम्ही ‘ब्लॅक’ म्हणायचो, साध्याला ‘व्हाईट’. मजकुराचा टाईप भरपूर असे. मोठ्या अंगाचा ब्लॅक मात्र मोजकाच, कारण शिसं वजनावर विकत घ्यावं लागे आणि देवनागरीचा एक पूर्ण संच म्हणजे शेकडो खिळे. लहान छापखान्याला मोठ्या मापात सगळी जोडाक्षरं ठेवणं परवडत नसे. मग खिळे जुळवणारे जुळारी काय करायचे? शब्दच बदलून घ्यायचे. ‘उद्घाटन’ मधला द्घ केसमध्ये नसला की गिऱ्हाइकाला ‘शुभारंभ’ सुचवायचे. गिऱ्हाइकालाही तो शब्द गोड वाटायचा. पनवेल तालुक्यातल्या कितीतरी दुकानांचा ‘शुभारंभ’ झाला तो अशा एका खिळ्याच्या अभावी.

आमच्याकडे एका वैद्यांच्या औषधांची लेबलंही छापली जात. पनवेल हे आयुर्वेदाचं गाव. श्री धूतपापेश्वरचा कारखाना इथे 1872 पासूनचा, त्यामुळे काढे, आसवं, अरिष्टं ही नावं इथल्या बोलण्यातलीच. पण ‘द्राक्षासव’ आणि ‘अश्वगंधारिष्ट’ बाटलीच्या वीतभर लेबलावर जाड टाईपमध्ये बसवून बघा. क्ष ची गाठ शाईने भरते, श्व चा व श ला चिकटतो, ष्ट मध्ये वरचा ष खालच्या ट च्या डोक्यात घुसतो. त्या लेबलांवर मी पहिल्यांदा भिंग घेऊन बसलो. शाई कुठे साचते ते बघितलं. ती साचते रेषा जिथे रेषेला मिळते त्या कोपऱ्यात. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आधी कोपऱ्यातून मरते. भाताच्या खाचराला पाणी जायला बांधात वाट ठेवतात, तशी जाड अक्षरात पांढऱ्याला वाट ठेवावी लागते. ती नसली की सगळं अक्षर काळं होऊन बसतं.

ही गोष्ट जुन्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ओळखली होती. जावजी दादाजींनी 1864 मध्ये मुंबईत टाईप ओतण्याचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी पोलादात अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरचा जुना छापलेला संस्कृत ग्रंथ हातात घेतला की मी सरळ जोडाक्षरांकडे जातो. द्ध मध्ये वरचा द आखडता घेतलाय, खालच्या ध ची गाठ लहान केलीय, आणि जोडाच्या ठिकाणी रेषा जाणूनबुजून बारीक केलीय. वाचणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला फक्त द्ध वाचता येतो. त्या परंपरेवरचं बापूराव नाईक यांचं ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हे पुस्तक 1971 साली तीन खंडांत निघालं. नाईक सरकारी मुद्रणखात्याचे संचालक होते. ज्याला मराठी अक्षराचं काम करायचंय त्याने निदान ते चाळावं.

पण निर्णयसागरचा तो देखणा टाईप मजकुराचा. वाचायचा, हातात धरून. लांबून ओरडणारा टाईप ही वेगळी गरज, आणि ती जगभर जाहिरातीबरोबर आली. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरीच्या आणि नाटकांच्या पत्रकांसाठी रोमन अक्षरं फुगवली गेली. उभ्या रेषा अतिशय जाड, आडव्या केसासारख्या, टोकाला चपटे पाय. त्याला फॅट फेस म्हणतात. पुढे 1845 मध्ये लंडनच्याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेझली यांनी क्लॅरेंडन आणला. त्यात बारीक रेषाही थोड्या भरल्या, पाय मजबूत केले, म्हणून तो शब्दकोशातल्या मूळ शब्दापासून फलकापर्यंत सगळीकडे चालला. 1922 मध्ये शिकागोत ओझवाल्ड कूपर यांनी कूपर ब्लॅक काढला, गोलसर, मऊ पायांचा. आमच्या दुकानात इंग्रजी फलकांसाठी आजही सगळ्यात जास्त मागतात तो हाच.

मराठीत हे जसंच्या तसं उचलता येत नाही, याचं कारण लेखणीत आहे. बोरूचं टोक तिरकं कापतात, आणि देवनागरीचा काप रोमनच्या उलट अंगाचा असतो. रोमन ए चा उजवा पाय जाड असतो. आपल्या र चा पाय, तोही उजवीकडेच खाली उतरतो, पण तो बारीक होत जातो. जाडी येते ती उजवीकडून डावीकडे वळणाऱ्या पोटात. शिवाय आपलं अक्षर वरून शिरोरेषेला लटकलेलं. रोमन फॅट फेससारख्या आडव्या रेषा केसासारख्या केल्या तर शिरोरेषाच जाते, आणि शब्द सुटी अक्षरं होऊन पडतो. म्हणून देवनागरीत जाड-बारीकचा खेळ करायचा तर कोणती आडवी रेषा बारीक करायची आणि कोणती अजिबात नाही, याचा विचार अक्षरागणिक करावा लागतो.

हा विचार केलेला टाईप संगणकावर यायला वेळ लागला. आम्ही डीटीपीवर आलो तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पेजमेकर, मग कोरल. जाडपणा हवा असेल तर दोन रस्ते. एक, त्याच संचातला जाड फॉन्ट. दुसरा, अक्षराभोवती आउटलाइन द्यायची, म्हणजे अक्षर चहूबाजूंनी एकसारखं फुगतं. हा दुसरा रस्ता अजूनही गावोगाव चालतो, आणि पनवेलच्या कोणत्याही नाक्यावरच्या दोन-तीन फलकांवर तो सापडतो. त्यात काय होतं ते ‘शुभेच्छा’ वर दाखवतो. आउटलाइन दिली की च्छ मधला च चा दांडा आणि छ ची वळणं एकमेकांवर सरकतात. छ ला पोटात दोन पांढऱ्या खिडक्या असतात, त्यातली वरची पूर्ण बंद होते. शु चा उकार श च्या पायाशी मिळून एक काळा गोळा होतो. भे ची मात्रा शिरोरेषेला लागून तिरकी फळी दिसते. शिरोरेषा वर सरकते, उकार खाली सरकतो, मग ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं आणि फलकावर जागा उरत नाही. सगळीकडे सारखी जाडी वाढवणं हाच मूळ घोटाळा. खऱ्या जाड अक्षरात जाडी कुठे वाढते, कुठे तशीच राहते, आणि जोडापाशी तर ती चक्क कमी होते. अक्षर रुंद होतं, उंच होत नाही. गाठी लहान होतात. मात्रा किंचित वर आणि उभी होते.

शब्द तोडून वाचवण्याचाही एक मार्ग आहे. द्ध च्या जागी द चा पाय मोडून पुढे पूर्ण ध लिहायचा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत मुलांना असं लिहिलेलं दिसतं, आणि लहान मुलाला व्यंजनं ओळखायला ते सोपं जातं हे मला पटतं. पण आमच्याकडे श्रद्धांजलीचा फलक करायला येणारा माणूस घरातून कुणाला तरी पोहोचवून आलेला असतो. एकदा एका तरुण पोराला मी तसा मोडलेला द दाखवला. तो म्हणाला, “काका, हे तुटल्यासारखं दिसतंय. आईच्या नावाखाली नको.” तेव्हापासून श्रद्धांजलीचा द्ध मी कायम उभा जोडलेलाच ठेवतो, आणि फॉन्टमध्ये तो चांगला नसेल तर अक्षर वक्ररेषांत बदलून हाताने नीट करतो. खालच्या ध ची गाठ लहान करायची, द च्या शेपटीचा कोपरा आतून थोडा कापायचा, आणि वरच्या अनुस्वाराला शिरोरेषेपासून थोडं उचलायचं. ही सगळी मिळून थोड्या वेळाची मेहनत. फोटोखालचं ते एक अक्षर घरच्यांना उघडं दिसतं.

जोडाक्षरांचा असा विचार केलेले टाईपही आता मिळतात. 2014 साली इंडियन टाईप फाउंड्रीने रोझा वन काढला. रोमन अक्षरं टिम डोनाल्डसन यांची, देवनागरी ज्योतिष सोनोवाल यांची. हा फॅट फेसच्या कुळातला, जाड आणि बारीक रेषांमधलं अंतर टोकाचं. त्यात शेकडो जोडाक्षरं स्वतंत्र काढलेली आहेत, म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. सोन्याचांदीच्या दुकानाची पाटी, लग्नपत्रिकेवरची नावं, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचा विषय, इथे तो शोभतो. पण त्याची एक अट आहे. बारीक रेषा खरोखर केसासारख्या असल्यामुळे तो मोठाच वापरावा. दहा फुटी फ्लेक्सवर ती रेषा बोटाएवढी होते आणि काम करते. तोच टाईप वर्तमानपत्राच्या कागदावर बातमीच्या उपमथळ्याला दिला की बारीक रेषा तुटतात. काळ्या पट्टीत पांढरा काढला, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, तर बाजूची शाई सरकून त्या रेषा बुजतात. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना जाळीतून रेषा नीट उतरतच नाही. ज्याने ही तीन कामं केलीत तो रोझा कुठे लावायचा ते लगेच सांगतो.

वर्तमानपत्री कागदाला आणि सरकारी पत्रकांना मी एक्झार घेतो. वैभव सिंह यांचा हा टाईप, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात टाईप डिझाइन शिकताना सुरू झालेला, मग रोझेटा या फाउंड्रीने काढलेला. त्याची जाड वजनं खरोखर जाड आहेत, पण जोडापाशी रेषा टोकदार कापलेल्या, म्हणून शाई पसरली तरी कोपरा उघडा राहतो. एकटाईप या फाउंड्रीचा मोदक हा आणखी तिसरा प्रकार, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. तो पाय-बीय काही न देता अक्षर इतकं फुगवतो की पोटातल्या पांढऱ्या जागेची फक्त एक रेघ उरते. त्याच्या द्ध कडे बघून मी शिकलो की पांढरं किती कमी केलं तरी चालतं, फक्त ते योग्य जागी असलं पाहिजे. आणि स्टेशनवर पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात हाताने रंगवलेली अक्षरं आठवत असतील, तर कॅथरीन शमिट यांचा यात्रा वन बघा. मुंबईच्या लोकलच्या त्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलाय. 1998 मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, तेव्हापासून त्या पाट्या आमच्याही गावच्या.

उलट बाजूही सांगतो. टिरो देवनागरी मराठी हा माझ्या मते आज मजकुरासाठी सगळ्यात सुरेख मोफत टाईप आहे, आणि त्याला जाड वजनच नाही. साधा आणि तिरका, एवढंच. नव्या मुलांना ही उणीव वाटते आणि ती लगेच बी चं बटण दाबतात. बटण दाबल्यावर संगणक जे करतो तो आउटलाइनचाच प्रकार. टिरोबरोबर मथळ्याला दुसरा, वेगळ्या कुळाचा जाड टाईप घ्यावा. खिळ्यांच्या काळात व्हाईट आणि ब्लॅक एकाच कुळातले असतीलच असं नव्हतं, तरी पानं देखणी निघायचीच.

टिरोच्या नावातच मराठी आहे, म्हणून आता ल आणि श बद्दल. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात आपली रूपं ठरवून दिली. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात आणि भाषा मराठी निवडली की आपली रूपं येतात, पण सगळ्या प्रोग्रामना ती सूचना कळत नाही. मग कोरलमध्ये ‘शुभेच्छा’ चा पहिलाच श हिंदीचा उतरतो. साध्या वजनात हा फरक नजरेतून सुटतो. जाड टाईपमध्ये, तीन फूट उंचीचा श झाला की गावातला म्हातारासुद्धा थांबून बघतो. म्हणून जाड टाईप घेताना मी प्रथम ‘शाळा’ आणि ‘लोकल’ टाइप करतो.

दुकानांच्या पाट्यांचं काम तर अलीकडे फार वाढलं. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही हेही आलं. पनवेलच्या बाजारात कापडवाले, मिठाईवाले, सोनार असे पुष्कळ जण आहेत ज्यांचं इंग्रजी नाव जाड, पायवाल्या रोमन टाईपमध्ये वर्षानुवर्षं आहे. त्याच्या शेजारी मराठी नाव बसवायचं. पहिला प्रश्न मापाचा. मराठी शब्दाची उंची वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत धरून इंग्रजीच्या कॅपिटलएवढी केली, तर मूळ अक्षर बारकं दिसतं आणि दुकानदाराला वाटतं मराठी दबली. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं अंतर कॅपिटलएवढं धरतो, मात्रा आणि उकार बाहेर मोकळे सोडतो. दुसरा प्रश्न रंगाचा, म्हणजे काळेपणाचा. दोन्ही नावं डोळे किलकिले करून पाहिली तर सारखी काळी दिसली पाहिजेत. त्यासाठी मराठीचे दांडे रोमनच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक लागतात, कारण आपल्याकडे शिरोरेषेचा काळा पट्टा आधीच भर घालतो. पाय मराठीला लावायची गरज नाही. काही जण दांड्याखाली चपटे पाय लावून मराठी ‘मॅच’ करतात. मला ते अजिबात पटत नाही. काना जमिनीवर टेकवला की शिरोरेषेचं लटकणं निघून जातं. रोमनशी नातं जुळवायचं ते जाड-बारीकच्या प्रमाणातून.

सगळ्यात मोठं जाड अक्षर मी पाहिलं ते जून 2021 मध्ये. नवी मुंबई विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून पनवेल-उरणची गावंच्या गावं रस्त्यावर होती. 10 जूनला मानवी साखळी, 24 जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाकडे मोर्चा. गावोगावचे फलक झाले, आमच्याकडेही झाले. तेव्हा मला जाणवलं की ‘दि. बा. पाटील’ हे नाव जाड टाईपसाठी किती मोकळं आहे. एकही जोडाक्षर नाही, उकार नाही. महामार्गावर धावत्या गाडीतून वाचता येतं. अडत होतो ते त्याच्याच खालच्या ओळीत, ‘आंतरराष्ट्रीय विमानतळ’ मधल्या ष्ट्री वर. ष चं पोट, त्याच्या खाली ट, त्याच्या खाली र चे दोन पाय, वर वेलांटी. फलकावर दोन ओळी असतील तर र चे पाय खालच्या ओळीतल्या मात्रेला लागतात. मी ट चं पोट थोडं उथळ केलं, र चे पाय पसरट आणि आखूड केले, वेलांटीचा वळसा खाली आणला. हे करताना फॉन्ट काढणाऱ्याबद्दल माझ्या मनात फार आदर दाटून येतो. मी एक ष्ट्री सुधारतो, त्याला ते शेकड्यांनी करावे लागतात, आणि सगळे एकाच हाताचे वाटले पाहिजेत.

आमच्या नाट्यगृहाच्या नावाचंही असंच. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. फडके इथल्या शिरढोणचे, 1845 चा जन्म. त्या नावात द्य, क्रां, ट्य. नाटकाची पोस्टरं तिथे लागतात तेव्हा मी थांबून बघतो, आणि कमल शेडगे यांची आठवण येते. 2020 मध्ये ते गेले. नाटकांची नावं त्यांनी हाताने काढली, प्रत्येक नावासाठी वेगळं अक्षर, आणि जोडाक्षर आलं की ते त्यालाच नावाचा मध्यबिंदू करत. फॉन्टला तसं करता येत नाही. फॉन्टला एकच द्य सगळ्या नावांसाठी ठेवावा लागतो, म्हणून तो अधिक समजूतदार हवा.

आता नवीन जाड फॉन्ट आला की मी एक ओळ टाइप करतो: शुभेच्छा श्रद्धांजली उद्घाटन ज्येष्ठ महाराष्ट्र द्राक्षासव नाट्यगृह शाळा लोकल. ती तीन प्रकारे काढतो. मोठी, फ्लेक्सच्या मापात. चोवीस पॉइंटला, वर्तमानपत्री कागदावर. आणि काळ्यात पांढरी. जे फॉन्ट तिन्ही ठिकाणी टिकले ते माझ्या संगणकात थोडेच आहेत. त्यात दोन्ही लिप्या शेजारी शेजारी सारख्या काळ्या दिसणारे, ल आणि श न मागता मराठी देणारे, आणि ष्ट्र खालच्या ओळीला न लागू देणारे तर त्याहून थोडे. असा एक टाईप, निर्णयसागरच्या जोडाक्षरांचा अभ्यास करून, खास मराठी मथळ्यांसाठी कुणीतरी काढावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या दुकानात सध्या एक मुलगी कामाला आहे, खांदा कॉलनीहून येते. ती फावल्या वेळात ग्लिफ्स हे फॉन्ट काढायचं सॉफ्टवेअर शिकतेय, आणि तिने सुरुवात द्ध पासून केलीय.